चूक कोणाची आणि मरण कशाने?

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला, की आमच्याकडच्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार-पाच ओळींची एक बातमी नेमाने येऊ लागते. मथळा ठरलेला असतो : 'उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून धडक, दुचाकीस्वार ठार'. खाली गावाचे नाव, मृताचे वय, आणि शेवटचे वाक्य, तेही ठरलेलेच. भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला असून पुढील तपास चालू आहे. पुढील तपासाचे पुढे काय झाले, हे वाचकाला कधीच कळत नाही. दोन-चार दिवसांनी त्याच मथळ्याखाली दुसऱ्या गावाचे नाव येते.

त्यातही बऱ्याचदा असे होते, की हा गुन्हा मेलेल्या माणसावरच दाखल होतो. मागून येऊन धडकला तो. म्हणजे चूक त्याची. आरोपी मयत, म्हणून प्रकरण निकाली. कागद फाईलला लागतो आणि फाईल कपाटात जाते. पूर्वी भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमे लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १०६ लागतात. कलमांचे आकडे बदलले, वाक्य तेच राहिले.

मी ज्या रस्त्याविषयी लिहितो आहे, तो बारामतीहून काटेवाडी, भवानीनगरवरून इंदापूरकडे जाणारा रस्ता. महाराष्ट्राला काटेवाडी ठाऊक आहे ती आषाढात. तुकोबारायांची पालखी गावात येते तेव्हा परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढ्या धावतात, धूळ उडते, वारकरी टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तो फोटो असतो. पण याच रस्त्याला कार्तिकानंतर दुसरी एक वारी लागते, तिचे फोटो कोणी काढत नाही. नीरा डाव्या कालव्याने गेली सव्वाशेहून अधिक वर्षे हा मुलूख भिजवला, त्यातून ऊस आला, उसापाठोपाठ कारखाने आले. भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, पलीकडे इंदापूर तालुक्यातले आणखी दोन. या साऱ्यांच्या गव्हाणीला ऊस पुरवायचा म्हणजे ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, टायरगाड्या, छोट्या ट्रॅक्टरची जुगाडे यांची रांग रात्रंदिवस रस्त्यावर असणार. टोळी दिवसभर तोडते, मोळ्या बांधून सायंकाळी भरते, आणि गाडी निघते तेव्हा अंधार पडलेला असतो.

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे अशाच पट्ट्यातल्या शाखांत गेली. बँकेच्या खिडकीतून गावाकडे पाहणाऱ्याला गाव जरा वेगळेच दिसते. आमच्याकडे मयत खातेदारांची एक नोंदवही असे. नाव, खाते क्रमांक, मृत्यूची तारीख, वारस, दाव्याची रक्कम असे तिचे रकाने. म्हातारी माणसे तिच्यात यायचीच, त्याचे काही नाही. पण हंगामाच्या महिन्यांत पंचवीस-तीस वर्षांचे खातेदार त्या वहीत येऊ लागले की हात थबकत असे. वारसाच्या रकान्यात बायकोचे नाव, आणि खात्यावर मोटारसायकलच्या कर्जाचे उरलेले हप्ते. ती बाई दीर किंवा सासऱ्याबरोबर यायची, सांगू तिथे सही किंवा अंगठा करायची. मृत्यूचे कारण विचारणारा रकाना त्या वहीत नव्हता. बँकेला त्याची गरजही नव्हती. सोबत जोडलेल्या पोलिसांच्या कागदांत मात्र ते ठरलेले वाक्य असायचे. मला त्याचे नवल वाटे, आणि पुढे पुढे रागही येऊ लागला. कारण कोणतेही कारकुनी काम केलेला माणूस सांगेल, की 'निष्काळजीपणा' हे कारण नव्हेच. तपास जिथे थांबवला तिथे लिहिलेला तो शब्द आहे.

बँकेत असे चालत नाही. रोकड कमी भरली, तर रोखपालाला जाब विचारला जातो हे खरे. पण निरीक्षक तेवढ्यावर उठून जात नाही. पैसे मोजायला दुसरा माणूस होता का, दिवसअखेर ताळा कोणी घेतला, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, हे तो विचारतो. मुळात तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे, ही व्यवस्थाच कशासाठी? माणूस चुकणार, दमणार, क्वचित लोभातही पडणार, हे गृहीत धरून कोणीतरी शहाण्याने ती केली. त्याने कर्मचाऱ्यांना प्रामाणिकपणावर व्याख्यान देऊन तिजोरी उघडी ठेवली नाही. रस्त्याच्या बाबतीत आपण नेमके हेच करत आलो आहोत. तिजोरी उघडी आणि भिंतीवर पाटी : 'अति घाई संकटात नेई'.

ही गोष्ट जगात ज्याने शास्त्र म्हणून मांडली, तो मोटारींचा तज्ज्ञ नव्हता. विल्यम हॅडन हा अमेरिकन डॉक्टर, सार्वजनिक आरोग्य हा त्याचा विषय. साथीच्या रोगांकडे पाहायची सवय असलेल्या या माणसाला रस्त्यावरचे मरण हीदेखील एक साथच वाटली. हिवताप झालेल्या माणसाला आपण 'तू डास चावून का घेतलास' असे विचारत नाही; डबके बुजवतो, मच्छरदाणी देतो, कोयनेल देतो. १९६५ साली राल्फ नेडर यांचे मोटारींच्या सदोष रचनेवरचे पुस्तक गाजले, १९६६ मध्ये अमेरिकेने वाहतूक सुरक्षेचा कायदा केला, आणि त्यासाठी उभारलेल्या सरकारी कार्यालयाचा पहिला प्रमुख म्हणून हॅडन यांची नेमणूक झाली. सत्तरच्या सुमारास त्यांनी एक साधा तक्ता मांडला. उभ्या बाजूला तीन वेळा : धडकेपूर्वी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. आडव्या बाजूला तीन गोष्टी : माणूस, वाहन, रस्ता. झाले नऊ रकाने. प्रत्येक अपघात या नऊ रकान्यांत भरायचा, आणि कोणत्या रकान्यात हात घातला तर मरण टळले असते, ते शोधायचे.

आपल्या पंचनाम्यात यातला एकच रकाना भरला जातो. धडकेपूर्वीचा माणूस. उरलेले आठ कोरे.

हॅडन पुढे ज्या अमेरिकन संस्थेचे अध्यक्ष होते, तिथे सत्तरच्या दशकात दिनेश मोहन नावाचे एक तरुण भारतीय अभियंते काम करत होते. ते मायदेशी परतले आणि दिल्लीच्या आयआयटीत त्यांनी या विषयाचा पाया घातला. हेल्मेटपासून रस्त्यांच्या रचनेपर्यंत त्यांनी काम केलेच, पण मळणीयंत्रात आणि कडबा कापायच्या यंत्रात शेतकऱ्यांचे हात कसे तुटतात, याचाही अभ्यास खेड्यांत जाऊन केला. हात तुटला तो मजुराच्या बेसावधपणाने, असे म्हणून मोकळे होण्याऐवजी यंत्राचे तोंड असे का ठेवले की हात आत जावा, असा त्यांचा प्रश्न असे. २०२१ साली करोनाने त्यांना नेले. आपल्याकडे त्यांच्या नावाची व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही.

आता काटेवाडीच्या रस्त्यावरची ती चार ओळींची बातमी या नऊ रकान्यांत भरून पाहू.

रात्रीचे नऊ वाजले आहेत. टायर पंक्चर झाल्याने ट्रॉली रस्त्याच्या डाव्या कडेला, निम्मी डांबरावर निम्मी साइडपट्टीवर उभी आहे. मागून मोटारसायकलवरचा तरुण ताशी ८० किलोमीटरने येतो आहे. ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी पाहून मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत सर्वसाधारण माणसाला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात तेहेतीस मीटर संपतात. मग ब्रेक लागतो, आणि कोरड्या डांबरावरही गाडी थांबायला आणखी पस्तीसेक मीटर लागतात. एकूण सत्तरच्या आसपास. आता दुसरी बाजू. डिपरच्या उजेडात काळपट, धुळीने माखलेली वस्तू दिसते ती चाळीस-पन्नास मीटरवरून. समोरून एखादी मोटार मोठे दिवे लावून येत असेल, तर तेवढीही नाही. सत्तर मीटर हवेत आणि हाती आहेत पन्नास! हा हिशेब कोणत्याही चौथीतल्या मुलाला कळेल. त्या तरुणाला ट्रॉली दिसली तेव्हाच त्याचे मरण ठरून गेले होते. तो ५० च्या वेगाने येत असता, तर पस्तीस मीटरमध्ये थांबला असता. म्हणून वेगाचा रकाना खोटा नाही. पण ट्रॉलीच्या पाठीवर चमकणारी पट्टी असती, तर ती त्याला दीडशे मीटरवरून दिसली असती, आणि मग ८० च्या वेगातही तो वाचला असता. त्या पट्टीचा रकाना वाहनाचा. तो कोणी भरला?

अमेरिकेत हा रकाना भरून पाहिला गेला आहे. तिथे १९९३ च्या डिसेंबरपासून नव्या अवजड ट्रेलरना मागे व बाजूला परावर्तक पट्ट्या सक्तीच्या केल्या गेल्या. २००१ मध्ये त्याचा हिशेब सरकारी पातळीवर मांडण्यात आला. अंधारात ट्रेलरच्या बाजूवर व पाठीवर होणाऱ्या धडका पट्टीमुळे २९ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि जिथे रस्त्यावर दिवे नाहीत तिथे ४१ टक्क्यांनी. दिवे नसलेला रस्ता म्हणजे आपला रस्ता. तिथल्या चालकांना या काळात कोणी सद्‌गुण शिकवले नव्हते. फक्त ट्रेलर दिसू लागले.

आपल्याकडे नियम नाही असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत परावर्तकांची सक्ती आहे, आणि परिवहन कार्यालये व कारखाने हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमाही घेतात. अधिकारी वाकून पट्टी चिकटवताना फोटो निघतो. पण उसाची ट्रॉली म्हणजे काही मोटारीची डिकी नव्हे. मोळ्या मागे तीन-तीन फूट बाहेर येतात, वाढे खाली लोंबतात, फळीवरची पट्टी त्यांच्याआड जाते. पहिल्या पंधरवड्यात चिखल बसतो. मागच्या दिव्याची वायर दोन ट्रॉल्यांमधल्या जोडाजवळ तुटते ती हंगाम संपेपर्यंत तशीच. शिवाय ट्रॅक्टरला मोठाले कर्णे लावून मोठ्या आवाजात गाणी लावण्याची आमच्याकडे चाल आहे. पुढच्या बाजूला रंगीत दिव्यांच्या माळाही असतात. म्हणजे बॅटरी आहे, वायर आहे, वायरमनही आहे. फक्त सगळा उजेड पुढे आणि मागे काळोख. पंक्चर झालेल्या गाडीमागे दगडांची रांग मांडतात, आणि गाडी निघून गेल्यावर ती रांग पुढच्या मोटारसायकलसाठी तशीच ठेवून देतात, हे या प्रांतातल्या वाचकाला मी सांगायला नको.

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कर्जाची पद्धत मला चांगली ठाऊक आहे. कोटेशन, सातबारा, जामीनदार, मार्जिन मनी, विमा. वाहन आले की शाखेचा माणूस जाऊन पाहणी करतो, इंजिन आणि चासीचा नंबर ताडून पाहतो. आणि ट्रॉलीच्या पाठीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असते : अमुक बँकेकडे तारण. ही अक्षरे सुबक असतात, पेंटर त्याचे पैसे घेतो, आणि ती पुसली तर विचारणा होते. ट्रॉलीच्या पाठीवर कर्ज देणाऱ्याचे नाव दिसले पाहिजे, याची काळजी घेणारी व्यवस्था आपण उभी केली. ती ट्रॉली मुळात रात्री दिसली पाहिजे, याची काळजी कोणाच्याच नमुन्यात नाही. बँकेच्या नाही, विमा कंपनीच्या नाही, ऊसतोडणी-वाहतुकीच्या कराराच्याही सहसा नसते.

आता आकडे पाहू, कारण त्याशिवाय या विषयाचा आवाका कळत नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. पुढच्या वर्षी हा आकडा १ लाख ७२ हजारांवर गेला. २०२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. म्हणजे रोज जवळजवळ एक भरलेली एसटी. देशातल्या मृतांमध्ये दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के, आणि पायी चालणारे सुमारे २० टक्के. रस्त्यावरचे मरण हा मोटारवाल्यांचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे दोन आकडे एकत्र मिळवून पाहावेत.

त्याच अहवालात एक कोष्टक असते : मृत्यूंची कारणे. अतिवेग ७१ टक्के. दरवर्षी हा आकडा मथळ्यात येतो. माझ्यातला जुना बँकवाला तिथे अडतो. हा आकडा आला कुठून? पोलिसांच्या नोंदींतून. आणि नोंद झाली कशी? धडक होऊन गेल्यावर तासाभराने पोहोचलेल्या हवालदाराने, वेग मोजण्याचे कोणतेही साधन हाती नसताना, ठरलेल्या वाक्यातला 'भरधाव' हा शब्द लिहिला म्हणून. वेग मारक असतो यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या धडकांचा धोका चार टक्के वाढतो. पण ७१ टक्के हे मोजमाप नव्हे, तो सवयीचा शेरा आहे. अशा नोंदींवर आपण ताळेबंद मांडला, तर लेखापरीक्षक सही करणार नाही.

मोजमाप नीट झाले की काय होते, याचे उदाहरण शोधायला परदेशी जायला नको. वाचकांना २३ डिसेंबर २०१२ ची रात्र आठवत असेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विरुद्ध बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून आला आणि आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे हे दोन गुणी नट गेले. पेंडसे यांचा लहानगा मुलगाही गेला. त्याआधी २००१ मध्ये याच मार्गाने भक्ती बर्वे यांना नेले होते. घराघरांत हळहळ झाली. पण २०१२ च्याच सुमारास या मार्गावर एक अबोल काम चालू झाले होते. जे. पी. रिसर्च इंडिया या संस्थेचे अभियंते धडक झाली की जागेवर जात, घसटल्याच्या खुणा मोजत, चेंदलेला पत्रा कुठे किती आत गेला ते पाहत, आणि कोणाला कोणती जखम कशावर आपटून झाली ते लिहून ठेवत. म्हणजे नऊच्या नऊ रकाने. पुढे २०१६ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि इतरांनी मिळून या मार्गावर मृत्यू शून्यावर आणण्याचा प्रकल्प हाती घेतला. रस्त्याकडेचे उघडे काँक्रीटचे खांब आणि कठड्यांची टोके झाकली गेली, दुभाजकात तारदोरांचे अडथळे आले, कडेला बेकायदा थांबणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवले गेले, जखमींना उचलण्याची व्यवस्था सुधारली. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसे मेली होती. २०१९ मध्ये ९२. (२०२० चा आकडा त्याहूनही खाली आहे, पण ते टाळेबंदीचे वर्ष, म्हणून मी तो धरत नाही.) ब्याण्णव हाही आकडा लाजिरवाणाच. तरी तीन वर्षांत जो फरक पडला, तो काही या काळात मुंबईकर आणि पुणेकर अचानक शिस्तीचे झाले म्हणून पडलेला नाही!

शिस्तीचा मुद्दा निघालाच आहे, तर त्याचेही पाहू. या विषयावर कुठेही बोलायला उभे राहिले की सभागृहातून पहिला आवाज येतो तो हाच : 'आपल्या लोकांना शिस्तच नाही हो.' बोलणारा स्वतःला त्या लोकांत धरत नाही. शिस्तीचे महत्त्व मी नाकारत नाही. एसटी महामंडळ पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार करते; त्या माणसांना मी मनोमन नमस्कार करतो. पण तो चालकही शेवटी त्याच रस्त्यावर असतो, जिथे नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर लांबलचक उतार सरळ नवले पुलाकडे जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली. त्याआधीही तिथे अपघात होत होते, नंतरही झाले. चालक दर वेळी निराळा, उतार मात्र तोच. एकाच ठिकाणी वेगवेगळी माणसे वारंवार मरत असतील, तर ती सगळीच बेशिस्त होती असे मानणे हा आळस आहे. सरकारनेही हे तत्त्वतः मान्य केलेले आहे : पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले, रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू झाला तर बांधणाऱ्याला व देखरेख करणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड करणारे. एका जिवाला एक लाख ही रक्कम कोणी ठरवली देव जाणे. पण निदान रस्त्याचा रकाना कायद्याच्या पुस्तकात उघडला गेला.

धडकेच्या क्षणाचे रकाने आपण जवळजवळ सोडूनच दिले आहेत. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, ते मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना. पट्टा लावलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. पुढच्या दोघांनी पट्टे लावले होते, ते वाचले. मागच्या दोघांनी लावले नव्हते, ते गेले. तिथेही पुलापाशी तीन पदरांचे दोन होतात आणि कठडा वाटेत येतो, हा रस्त्याचा रकाना होताच. पण पट्ट्याने तो फरक भरून काढला असता. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी केला आणि कंपनीने तो सर्वांना वापरायला मोकळा ठेवला. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मागच्या सीटवर पट्टा लावा म्हटले की पाहुण्यांना तो अपमान वाटतो. दुचाकीवर तर माणूस स्वतःच मोटारीचा पत्रा असतो. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो, हे जगभरच्या अभ्यासांची मोजदाद करून सिद्ध झाले आहे. तरी हेल्मेटविरोध हा आपल्या पुण्यात एक नागरी छंद होऊन बसला आहे.

धडकेनंतरच्या रकान्यांत थोडा उजेड आला आहे, तेही सांगितले पाहिजे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, त्यामुळे जखमीला पुण्यापर्यंत नेण्याची वेळ दर वेळी येत नाही. आणि जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस ठाण्यात अडकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ कलमात ते कायद्यात आले. उचलणाऱ्याने आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. गावोगाव ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. 'नसती भानगड' या दोन शब्दांनी आपल्याकडे किती माणसे रस्त्यावर रक्त जाऊन मेली असतील, त्याची गणती नाही.

आता पुन्हा काटेवाडीच्या रस्त्यावर येऊ, कारण तो रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे पंढरीकडे जाणारा हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांना चालण्यासाठी वेगळी वाट हा या आराखड्यातला भाग स्वागतार्ह आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोल्याजवळ जुनोनीला कार्तिकी वारीला निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिंडीत मागून मोटार शिरली आणि सात वारकरी गेले. त्याआधी २०१९ च्या नोव्हेंबरात दिवे घाटात जेसीबी दिंडीवर आला आणि संत नामदेवांचे वंशज सोपान महाराज नामदास गेले. चालणाऱ्याला त्याची वाट द्या, ही मागणी काही चैनीची नाही.

पण वारी वर्षातून काही दिवस. उरलेल्या दिवसांत या रस्त्याला शाळेत जाणारी मुले आहेत, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या दुचाक्या आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत, शेतातून वर येणारे ट्रॅक्टर आहेत. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की मोटारीचा वेग वाढतो. गाव मात्र जागेवरच असते. स्वीडनने १९९७ मध्ये आपल्या संसदेत ठराव केला, की रस्त्यावर एकही मृत्यू वा गंभीर इजा मान्य करायची नाही. त्यातला व्यवहारी भाग असा : जिथे पायी माणूस आणि मोटार एकत्र येणार, तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास राहील अशीच रस्त्याची रचना करायची, आणि जिथे वेग हवा, तिथे माणूस आणि मोटार एकमेकांसमोर येणारच नाहीत हे पाहायचे. दोन्ही एकाच जागी मिळणार नाही. चौपदरी रस्त्यावर कापलेल्या दुभाजकातून उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार आपल्याला दिसतो आणि आपण त्याला शिव्या देतो. त्याचे शेत समोर आहे आणि योग्य वळण दीड-दोन किलोमीटरवर, हे शिवी देणाऱ्याला दिसत नाही. तो चुकतो आहेच. पण तो चुकणार हे नकाशा काढणाऱ्याला कागदावरच दिसायला हवे होते.

इथे या भागाच्या हातात काय आहे? माझ्या मते पुष्कळ आहे, आणि ते मुंबई-दिल्लीला विचारायची गरज नाही. उसाची प्रत्येक गाडी कुठेही भटकली तरी शेवटी एका जागी येतेच : कारखान्याच्या वजनकाट्यावर. तिथे तिचा नंबर लागतो, वजन होते, पावती फाटते. वाहतुकीचे बिल त्या पावतीवर निघते. देशातल्या कोणत्याही महामार्गावर इतका पक्का नाका नाही. ज्या ट्रॉलीच्या मागे मोळ्यांच्याही बाहेर लोंबेल अशी परावर्तक फळी किंवा कापडी पट्टा नाही, मागचा दिवा लागत नाही, तिचा काटा होणार नाही, एवढे एकच वाक्य वाहतूक करारात आले, तर आठवड्याभरात सगळ्या ट्रॉल्या चमकू लागतील. खर्च किती? ट्रॉलीच्या एका टायरच्या किमतीपुढे तो चिल्लर आहे. वाहतूकदार कुरकुर करतील, पहिल्या दोन दिवसांत गव्हाण थोडी मोकळी पडेल, चीफ इंजिनिअर फोन करतील. त्या दोन दिवसांची किंमत आणि मयत खातेदारांच्या वहीतली नावे, यांची तुलना ज्याने त्याने करावी.

दुसरी गोष्ट नोंदींची. २०२१ पासून पोलिसांना अपघाताच्या जागेवरूनच मोबाइलवर माहिती भरण्याची सोय झाली आहे. मद्रासच्या आयआयटीने आणि राष्ट्रीय माहिती केंद्राने ती बसवली, आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. जागेचे अक्षांश-रेखांश, रस्त्याची आणि वाहनाची स्थिती, सगळे त्यात घेता येते. म्हणजे नऊ रकान्यांचा कागद आता हवालदाराच्या खिशात आहे. तो नीट भरला जातो की 'भरधाव' लिहून मोकळे होतात, हे गावाने पाहायचे आहे. काटेवाडीने ग्रामस्वच्छतेत नाव मिळवले, ते घरोघर हिंडून कोणाकडे शौचालय आहे आणि कोणाकडे नाही याची मोजदाद करून. आपल्या शिवारातल्या पाच-सात किलोमीटर रस्त्यावर तीन वर्षांत कुठे, किती वाजता, कशावर आदळून कोण गेले, हे मोजायला तेवढाही वेळ लागणार नाही.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात, आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. दोन्ही हंगामाच्या तोंडावर येतात. सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावरून दोन-दोन तास आरडाओरडा होतो, माइक ओढले जातात, ते मी अनेकदा पाहिले आहे. तो झालाही पाहिजे, दर हा पोटाचा प्रश्न आहे. त्यानंतर 'आयत्या वेळी येणारे विषय' असा एक विषय अजेंड्यावर शेवटी असतो. तोवर निम्मे सभासद जेवायला उठलेले असतात. काट्यावरच्या त्या एका वाक्याचा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो.